मार्कअप भाषा: ब्राउझर, फीड आणि मार्कडाउनमध्ये नेमकं काय मोडतं आणि का

तिरकीरेघ

इथे वेबविषयक प्रश्न येत असतात: रंग लागत नाही, चौकट भलतीकडे जाते, मराठी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात, फीड (साइटवर नवं काय आलं ते इतर प्रोग्रामना सांगणारी फाइल) उघडत नाही. यातल्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ मार्कअपमध्ये, म्हणजे मजकुराचा कुठला भाग काय आहे हे सांगणाऱ्या टॅगांमध्ये, असतं आणि शोधाशोध मात्र सीएसएस (रंग-मांडणीचे नियम) नाहीतर जावास्क्रिप्टमध्ये चालते. म्हणून हा धागा फक्त मार्कअपसाठी. ज्यांना खोलात माहिती आहे त्यांनी भर घालावी.

सोयीसाठी टॅगची नावं देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायची. कोडमधले आकडेही रोमनच.

सुरुवात एचटीएमएलपासून. ब्राउझर फाइल वाचत जातो, तिचे तुकडे पाडतो (उघडणारा टॅग, बंद करणारा टॅग, मजकूर, टिप्पणी) आणि त्या तुकड्यांतून एक झाड उभं करतो. हे झाड म्हणजे डॉम. सीएसएस लागते ती झाडाला, जावास्क्रिप्ट बदल करते ते झाडात, स्क्रीन रीडरला (पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) माहिती मिळते तीही झाडावरूनच. झाड तयार झालं की मूळ फाइलकडे कोणी वळून बघत नाही. त्यामुळे तुमच्या मनातलं झाड आणि ब्राउझरने बांधलेलं झाड वेगळं असेल, तर सीएसएसमध्ये कितीही डोकं घातलं तरी उत्तर सापडणार नाही.

हे करून बघा:

<पी>सूचना <डिव्ह>चौकट</डिव्ह> पुढचा मजकूर</पी>

दिसायला पीच्या (परिच्छेदाच्या) पोटात डिव्ह (साधी चौकट) आहे. झाडात तसं होत नाही. डिव्ह उघडताक्षणी पार्सर (फाइल वाचून झाड बांधणारा ब्राउझरचा भाग) पी बंद करतो. मग डिव्ह पीचा शेजारी बनतो, ‘पुढचा मजकूर’ कुठल्याही पीमध्ये नसलेला, बॉडीत मोकळा पडतो, आणि शेवटचा बंद करणारा पी टॅग अनाथ उरल्यामुळे त्याच्यासाठी एक नवा रिकामा पी तयार होतो. पीला दिलेला रंग फक्त ‘सूचना’ या शब्दाला लागतो तो यामुळे.

कारण साधं आहे. पीचा बंद टॅग लिहिणं ऐच्छिक आहे. तो नसेल तर परिच्छेद कुठे संपला हे पार्सरने ठरवायचं कसं? म्हणून नियमच असा की डिव्ह, यूएल, ओएल, सेक्शन, फॉर्म, प्री, एच१ ते एच६ किंवा दुसरा पी यांपैकी काहीही उघडलं की आधीचा पी संपला.

तपासायची पद्धत: कंट्रोल-यू दाबल्यावर सर्व्हरने पाठवलेला मजकूर दिसतो, एफ१२ मधल्या एलिमेंट्स पॅनलमध्ये झाड दिसतं. दोन्ही शेजारी ठेवा. फरक जिथे सुरू होतो तिथेच चूक असते, किंवा तिच्या जरा वर.

पोटफोडा_ष

चांगला विषय. थोडा इतिहास जोडतो, कारण ‘ब्राउझर चुका पोटात का घालतो’ याचं उत्तर तिथे आहे.

आयबीएममध्ये १९६९ साली चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी जीएमएल तयार केली. दस्तऐवजात ‘हे ठळक छापा’ असं न लिहिता ‘हे शीर्षक आहे’ असं लिहायचं आणि छपाईचा निर्णय वेगळा ठेवायचा, ही कल्पना तिच्यात होती. पुढे १९८६ मध्ये तिच्यातूनच घडलेलं एसजीएमएल हे आयएसओ ८८७९ मानक झालं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये एचटीएमएल घडवताना तिचाच साचा घेतला.

पण ब्राउझरांनी एसजीएमएलचे काटेकोर नियम कधीच पाळले नाहीत. चुकीचा कोड आला तर काय करायचं हे एचटीएमएलच्या जुन्या मानकांत लिहिलेलंच नव्हतं, मग प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने सावरून घ्यायचा. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल आली ती नेमकं उलट धोरण घेऊन: एक चूक दिसली की वाचन थांबवा. तोच कडकपणा वेबपानांना लावायचा प्रयत्न म्हणजे जानेवारी २००० चं एक्सएचटीएमएल १.०. ते नीट रुजलं नाही, कारण लोक फाइल एक्सएचटीएमएलची लिहायचे आणि सर्व्हर ती साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवायचा. कडक पार्सर कधी कामालाच लागायचा नाही.

२००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी व्हॉटडब्ल्यूजी हा गट काढला. त्यांच्या कामाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे चुकीच्या कोडचं काय करायचं हेही त्यांनी पायरी-पायरीने लिहून काढलं. वरचं पी-डिव्हचं उदाहरण आज कुठल्याही ब्राउझरमध्ये टाका, झाड तेच येईल. ती ब्राउझरची मर्जी राहिलेली नाही, तो नियम आहे. एचटीएमएल५ हे डब्ल्यू३सी या वेबची मानकं काढणाऱ्या संस्थेचं मानक म्हणून २०१४ मध्ये आलं. २०१९ च्या करारानंतर व्हॉटडब्ल्यूजीचं सतत अद्ययावत होणारं मानक हेच मूळ धरलं जातं, त्यामुळे ‘एचटीएमएल६ कधी येणार’ या प्रश्नाला आता अर्थ नाही.

अर्धचंद्र

टेबलचं लिहायलाच हवं. <टेबल> मध्ये थेट <टीआर> (तक्त्याची ओळ) लिहिला की पार्सर मध्ये स्वतःहून <टीबॉडी> घालतो. त्यामुळे सीएसएसमध्ये ‘टेबल > टीआर’ असा थेट अपत्याचा सिलेक्टर लिहिलात तर तो कधीच लागत नाही. ‘टेबल टीआर’ लिहा, नाहीतर टीबॉडी स्वतःच घाला. दुसरं जास्त बरं.

याहून चमत्कारिक प्रकार: ओळींच्या मध्ये सुटा मजकूर किंवा डिव्ह आला तर पार्सर तो उचलून टेबलच्या आधी नेऊन ठेवतो. टेम्पलेटमधल्या लूपमध्ये ‘नोंदी सापडल्या नाहीत’ असा संदेश टेबलच्या आत टाकला आणि तो तक्त्याच्या डोक्यावर दिसला, तर कारण हेच. संदेश <टीआर><टीडी> मध्ये ठेवून कोलस्पॅन द्या, म्हणजे तो सगळ्या स्तंभांवर पसरेल.

नवखी_उकार

दोन शंका आहेत.

१. <बीआर> आणि <बीआर/> यात फरक आहे का?
२. जावास्क्रिप्टने पीमध्ये डिव्ह घातला तर तो आतच राहतो असं दिसतंय. मग नियम कुठे गेला?

तिरकीरेघ

दुसरी आधी घेतो. नियम पार्सरचा आहे, झाडाचा नाही. क्रिएट-एलिमेंटने बनवलेला नोड अपेंड-चाइल्डने जोडलात तर तुम्ही थेट झाडाला फांदी लावताय, वाटेत पार्सर येतच नाही. इनर-एचटीएमएलला मजकूर दिला की मात्र तो पार्सरमधून जातो आणि त्या मजकुराच्या आतल्या चुकांपुरत्या दुरुस्त्या होतात.

रिॲक्टसारख्या चौकटीत सर्व्हरवर पान तयार करताना जे ‘हायड्रेशन’चे इशारे येतात त्यांच्यामागे अनेकदा हेच असतं. सर्व्हर मजकूर पाठवतो, ब्राउझरचा पार्सर तो दुरुस्त करून वाचतो, आणि मग जावास्क्रिप्ट स्वतःच्या अपेक्षेतलं झाड त्याच्याशी जुळवायला जाते. पीमध्ये डिव्ह किंवा टेबलमध्ये थेट टीआर असला की दोन झाडं जुळत नाहीत. रिॲक्टमध्ये पान ज्या जेएसएक्समध्ये लिहितात ती दिसते एचटीएमएलसारखी, पण तिचं रूपांतर जावास्क्रिप्टमध्ये होतं. म्हणून तिथे क्लासऐवजी क्लासनेम, फॉरऐवजी एचटीएमएलफॉर, आणि प्रत्येक टॅग बंद केलेला लागतो.

पोटफोडा_ष

पहिल्या शंकेचं उत्तर: एचटीएमएलमध्ये फरक नाही, ती तिरकी रेघ दुर्लक्षिली जाते. पण ‘दुर्लक्षिली जाते’ हे नीट समजून घ्या, कारण त्यातूनच पुढचा घोटाळा होतो. <डिव्ह/> लिहिलंत तर डिव्ह बंद होत नाही, नुसता उघडतो, आणि पुढचं सगळं पान त्याच्या आत जातं. <स्क्रिप्ट/> तर त्याहून वाईट, तो पुढचा बंद करणारा स्क्रिप्ट टॅग येईपर्यंतचा सगळा मजकूर कोड समजून गिळतो आणि पान कोरं दिसू शकतं.

आत काही नसलेले, बंद टॅग लागतच नाही असे घटक १३ आहेत: एरिया, बेस, बीआर, कोल, एम्बेड, एचआर, इमेज, इनपुट, लिंक, मेटा, सोर्स, ट्रॅक, डब्ल्यूबीआर. बाकी कुणालाही रेघ मारून बंद करता येत नाही. रेघ लावायची सवयच असेल तर तिच्याआधी एक जागा सोडा आणि ॲट्रिब्यूटच्या (टॅगच्या आत लिहिलेल्या जास्तीच्या माहितीच्या) किमतीला अवतरणचिन्हं द्या. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या पत्त्याला रेघ चिकटली तर ती पत्त्याचाच भाग होते.

दर्यावर्दी_ऱ्या

एक्सएमएल ज्यांनी कधी हाताने लिहिलेली नाही त्यांच्यासाठी एक प्रयोग. पुढचा मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये टाका, यूटीएफ-८ मध्ये साठवा, शेवटी एक्सएमएलचं एक्सटेन्शन द्या आणि ब्राउझरमध्ये उघडा:

<ग्रंथालय>
  <पुस्तक क्रमांक="१">
    <विषय>खगोल</विषय>
    <पाने>२४०</पाने>
  </पुस्तक>
</ग्रंथालय>

यात काहीही रोमन करायचं नाही. एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीत चालतात, ॲट्रिब्यूटचीही. वर घोषणा लिहिली नाही तरी यूटीएफ-८ गृहीत धरलं जातं. ब्राउझर हे घडी घालता-उघडता येणाऱ्या झाडासारखं दाखवेल.

आता <विषय> चा बंद टॅग खोडून पुन्हा उघडा. चुकीची ओळ आणि स्तंभ सांगणारा संदेश येईल. एचटीएमएलसारखी सावरासावर नाही.

मग तोच मजकूर एचटीएमएल फाइलमध्ये टाकून बघा. ‘<ग्रंथालय>’ कंसासकट पानावर मजकूर म्हणून उमटेल, कारण एचटीएमएलमध्ये टॅगचं नाव रोमन अक्षरानेच सुरू व्हावं लागतं. नाहीतर ‘<’ हे चिन्ह साधं अक्षर समजलं जातं. आणि गंमत म्हणजे बंद करणारे टॅग दिसणारच नाहीत, कारण ‘</’ नंतर रोमन अक्षर नसेल तर पुढच्या ‘>’ पर्यंतचं सगळं टिप्पणी म्हणून झाडात जातं. एलिमेंट्स पॅनलमध्ये त्या टिप्पण्या दिसतील.

दोन भाषांचा स्वभाव एवढ्या एका फाइलमध्ये कळतो. एक्सएमएलमध्ये नावं तुमची आणि नियम कडक. एचटीएमएलमध्ये नावं ठरलेली आणि पार्सर सांभाळून घेणारा.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. टॅग जुळलेत, एकच मूळ घटक आहे, अवतरणचिन्हं आहेत, एवढं असलं की एक्सएमएल ‘सुघटित’ ठरते. पण पुस्तकात पाने असायलाच हवीत, ती संख्याच हवी, हे तपासायला वेगळा आराखडा लागतो: एक्सएसडी किंवा रिलॅक्स एनजी (डीटीडीला पाने आहेत का एवढंच तपासता येतं, संख्या आहे का ते नाही). फाइल सुघटित असूनही समोरची प्रणाली ती नाकारते तेव्हा अडचण बहुधा आराखड्यात असते. टॅग पुन्हा पुन्हा मोजून काही हाती लागत नाही.

अर्धचंद्र

+१. ‘&’ चं चिन्ह राहिलं. एक्सएमएलमध्ये ते साध्या मजकुरात किंवा ॲट्रिब्यूटमध्ये मोकळं चालत नाही, पत्त्यातसुद्धा नाही. तिथे &एएमपी; लिहावं लागतं. आधीपासून ठरलेली नावं पाचच: एएमपी, एलटी, जीटी, क्वॉट, अपॉस. एचटीएमएलमध्ये अशी दोन हजारांहून जास्त नावं आहेत. म्हणून एचटीएमएलमधून उचललेला &एनबीएसपी; फीडमध्ये गेला की फीड मोडतं. त्याऐवजी &#१६०; वापरा, आकड्यांचं रूप दोन्हीकडे चालतं.

एचटीएमएलमध्ये एक फसवी जागा आहे. काही जुनी नावं शेवटच्या अर्धविरामाशिवायही ओळखली जातात. पत्त्यात ‘&कॉपी=२’ असा भाग असेल, तर लिंकच्या एचरेफमध्ये तो शाबूत राहतो, कारण ॲट्रिब्यूटमध्ये अशा नावाला लागून ‘=’, अक्षर किंवा आकडा आला तर त्याचं चिन्हात रूपांतर करायचं नाही असा नियम आहे. तोच पत्ता पानावर मजकूर म्हणून छापला की मध्येच कॉपीराइटचं चिन्ह येतं. लिंक चालते आणि दिसणारा पत्ता चुकतो! दोन्ही ठिकाणी &एएमपी; लिहिण्याची शिस्त ठेवा, विषय संपला.

मात्रावेलांटी

मराठी मजकूर बिघडतो त्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि नुसतं बघून ओळखता येतात.

एका देवनागरी अक्षराच्या जागी साधारण तीन-तीन अनोळखी रोमन-सदृश चिन्हं: फाइल यूटीएफ-८ आहे पण ब्राउझर ती एकेका बाइटच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये (बाइटांवरून अक्षरं ठरवायच्या पद्धतीत) वाचतोय. देवनागरीचा प्रत्येक संकेतांक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो म्हणून तीन चिन्हं. हे मार्कअपमध्ये किंवा सर्व्हरवर सुटतं.

नुसती प्रश्नचिन्हं: मजकूर आधीच कुठेतरी, बहुतेक डेटाबेसमध्ये जाताना, नष्ट झालाय. पानावर काहीही करून तो परत येत नाही.

रिकामे चौकोन: मजकूर ठीक आहे, फॉन्ट नाही.

पहिल्या प्रकारासाठी हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८. पण तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवा. त्याच्याआधी लांबलचक टिप्पणी किंवा मोठी स्क्रिप्ट आली तर तो उशिरा पोचतो. देवनागरी अक्षरं तिप्पट जागा खातात म्हणून मेटा नेहमी टायटलच्या वर ठेवा. एवढं करूनही फरक पडत नसेल तर नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-टाइप हेडर बघा, कारण हेडरमध्ये लिहिलेलं कॅरसेट मेटावर मात करतं. आणि फाइलच्या आरंभी बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) असेल तर ते दोघांवरही.

दुसरी गोष्ट, लँग. मराठी पानाच्या मूळ एचटीएमएल टॅगवर लँगची किंमत ‘एमआर’ द्या. बरेच जण हे सोडून देतात किंवा टेम्पलेटमधली इंग्रजीची किंमत तशीच राहते. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. शिवाय ज्या देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, त्यांच्यात ती रूपं भाषा मराठी आहे हे कळल्यावरच वापरली जातात. लँग चुकलं तर हिंदी वळणाचा ल दिसतो. एका ॲट्रिब्यूटने ‘लळित’ कसं बदलतं ते एकदा डोळ्यांनी बघाच.

तिसरी: एखादं अक्षर रंगवण्यासाठी त्याच्याभोवती स्पॅन घालताना काना, मात्रा, वेलांटी अक्षरापासून तोडू नका. ‘की’ मधल्या ‘क’ ला एकट्याला स्पॅनमध्ये ठेवलं तर वेलांटी सुटी पडून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसू शकते. जोडाक्षरही असंच तुटतं. संपूर्ण अक्षर, म्हणजे व्यंजन, हलन्त, मात्रा, अनुस्वार सगळं एकाच स्पॅनमध्ये घ्या. शोधलेला शब्द ठळक दाखवणारे प्रोग्राम इथे हटकून चुकतात: ‘क’ शोधला की ते ‘की’ चे दोन तुकडे करतात.

दर्यावर्दी_ऱ्या

मात्रावेलांटी, फार उपयोगी प्रतिसाद. त्यात जोड: ‘दर्‍या’ मधला र काही कीबोर्ड र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे या तीन संकेतांकांनी लिहितात. ते जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नाही आणि ‘नको असलेली अदृश्य चिन्हं’ साफ करणाऱ्या प्रोग्राममध्ये उडून जातं. मग ‘दर्या’ होतो. अशा सफाईतून हे चिन्ह वगळा.

सुटसुटीत

अर्थपूर्ण टॅगांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही याचं नवल वाटतं. माझ्या मते मार्कअपचा खरा उपयोग तिथेच आहे. डिव्हला क्लिकचा हँडलर लावून बटण बनवलं तर माउसने ते चालतं. पण टॅब दाबून त्याच्यावर जाता येत नाही, एंटर किंवा स्पेस दाबून काही होत नाही, स्क्रीन रीडर ते बटण आहे असं सांगत नाही, आणि डिसेबल्ड लावून उपयोग नाही. हे सगळं हाताने भरून काढायचं तर रोल, टॅबइंडेक्स शून्य, दोन कळांचे हँडलर आणि एरिया-डिसेबल्ड (हा एरिया रोमनमध्ये एआरआयए, वरच्या यादीतला एरिया टॅग वेगळा) असं पाच ठिकाणी लिहावं लागतं. <बटन> लिहिला की सगळं आयतं मिळतं. फक्त एक लक्षात ठेवा: फॉर्मच्या आत बटनचा टाइप न लिहिल्यास तो सबमिट धरला जातो. ‘पासवर्ड दाखवा’ दाबलं आणि फॉर्मच पाठवला गेला, याचं कारण ते. तिथे टाइप ‘बटन’ द्या.

तसंच लेबलचं. इनपुटशेजारी नुसता मजकूर ठेवू नका, लेबलच्या फॉरमध्ये इनपुटचा आयडी द्या. लेबलवर दाबलं तरी चौकट निवडली जाते, आणि मोबाइलवर छोट्या चेकबॉक्ससाठी तो मोठाच आधार आहे. प्लेसहोल्डर हे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं.

चित्राचा ऑल्ट: चित्र नुसतं शोभेचं असेल तर ऑल्ट रिकामा लिहा, पण लिहा. अजिबातच नसला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतात. आणि लिंकच्या आत फक्त चित्र असेल तर ऑल्टमध्ये लिंक कुठे जाते ते हवं. रिकामा ठेवलात तर लिंकला नावच उरत नाही.

पोटफोडा_ष

सुटसुटीत यांच्याशी सहमत, पण उलट टोकही तितकंच घातक. डिव्ह वाईट असं ऐकून प्रत्येक डिव्हचा सेक्शन केलेली पानं दिसतात. सेक्शनला नाव (एरिया-लेबल किंवा एरिया-लेबल्डबाय) दिलं नसेल तर तो पानावरचा स्वतंत्र विभाग म्हणून जाहीर होतच नाही, तेव्हा तिथे डिव्ह असता तरी फरक नव्हता. आणि प्रत्येक सेक्शनमध्ये पुन्हा एच१ वापरा, ब्राउझर खोलीनुसार पातळी लावेल, हा सल्ला जुन्या लेखांमधून अजून फिरतो. तो आराखडा ब्राउझरांनी कधी अमलात आणला नाही, आणि २०२२ मध्ये मानकातूनही काढून टाकला. पातळ्या हातानेच लावायच्या: एच१ नंतर एच२, त्याच्या आत एच३. अक्षर लहान हवं म्हणून एच४ निवडायचा नाही, आकार सीएसएसने बदला.

सुटसुटीत

मान्य. नुसत्या मांडणीसाठी डिव्हच योग्य.

नवखी_उकार

फॉर्मच्या आत फॉर्म चालतो का? यादीतल्या प्रत्येक ओळीला ‘काढून टाका’ बटण हवं आहे, आणि पूर्ण यादी एका मोठ्या फॉर्ममध्ये आहे.

अर्धचंद्र

नाही. आतला उघडणारा फॉर्म टॅग पार्सर टाकून देतो, पण आतला बंद करणारा टॅग बाहेरच्या फॉर्मला लागू होतो. त्यामुळे पहिल्या ओळीनंतरची फील्ड फॉर्मबाहेर पडू शकतात आणि त्यांची माहिती सर्व्हरकडे जातच नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

उपाय: छोटे फॉर्म मोठ्या फॉर्मच्या बाहेर, पानाच्या शेवटी रिकामे ठेवा, प्रत्येकाला आयडी द्या, आणि ओळीतल्या बटनवर फॉर्म हा ॲट्रिब्यूट लावून त्यात तो आयडी लिहा. बटन झाडात कुठेही असलं तरी त्या फॉर्मशी बांधलं जातं.

लिंकमध्ये लिंकही चालत नाही. दुसरा ए उघडला की पहिला बंद होतो. अख्ख्या कार्डाला लिंक करून आत लेखकाच्या नावाची वेगळी लिंक दिली की कार्डाचे तुकडे पडतात ते यामुळेच.

तिरकीरेघ

एसव्हीजीवर थोडक्यात. ती चित्रांसाठीची, एक्सएमएलवर बेतलेली भाषा, पण दोन वेगळ्या घरांत राहते आणि घरागणिक नियम बदलतात.

स्वतंत्र फाइल असेल तर एक्सएमएलचा कडक पार्सर. मूळ टॅगवर एक्सएमएलएनएस (टॅग कुठल्या भाषेतले ते सांगणारी नेमस्पेस) लिहायलाच हवा, नाहीतर इमेज टॅगमध्ये काहीच दिसत नाही. व्ह्यूबॉक्समधलं मधलं अक्षर मोठंच हवं. तेच चित्र एचटीएमएलच्या आत थेट चिकटवलं तर नेमस्पेस आपोआप मिळते आणि व्ह्यूबॉक्स सगळं छोट्या अक्षरांत लिहिलं तरी पार्सर दुरुस्त करतो. म्हणून ‘पानात चालतं, फाइल केली की दिसत नाही’ अशी तक्रार येते. आधी या दोन जागा बघा.

जावास्क्रिप्टने वर्तुळ बनवताना साधा क्रिएट-एलिमेंट वापरला तर घटक झाडात दिसतो पण चित्र उमटत नाही, कारण तो एचटीएमएलचा अनोळखी घटक ठरतो. क्रिएट-एलिमेंट-एनएस वापरा आणि एसव्हीजीची नेमस्पेस द्या.

पानात चिकटवलेल्या दोन आयकॉनांत ग्रेडियंटचा आयडी सारखाच असेल तर दुसराही पहिल्याचाच ग्रेडियंट उचलतो. चित्रकलेच्या प्रोग्राममधून निर्यात केलेल्या फाइलींत ‘ए’, ‘बी’ असे आयडी सर्रास असतात. बदलून घ्या.

मात्रावेलांटी

मार्कडाउन (तारांकनासारख्या साध्या खुणांनी लिहून एचटीएमएल मिळवायची पद्धत) वापरणाऱ्या मराठी लेखकांसाठी एक खास अडचण, जी इंग्रजीत जवळजवळ जाणवत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात.

_शब्द_ला

असं लिहिलं तर तिरपं होत नाही, खालच्या रेघा तशाच दिसतात. कॉमनमार्कच्या (मार्कडाउनच्या नेमक्या लिहून काढलेल्या मानकाच्या) नियमानुसार बंद करणाऱ्या खालच्या रेघेला लागून अक्षर आलं तर ती बंद करणारी मानली जात नाही. तारांकन वापरा: *शब्द*ला चालतं.

पण हे बघा:

**(शब्द)**ला

इथे तारांकनही हरतं. बंद करणाऱ्या खुणेच्या आधी विरामचिन्ह आणि नंतर लगेच अक्षर असेल तर ती खूण बंद करणारी ठरत नाही. कंस, अवतरणचिन्ह, उद्गारचिन्ह, सगळ्यांना हेच लागू. उपाय दोन: चिन्हं खुणांच्या बाहेर काढा, म्हणजे (**शब्द**)ला, किंवा तेवढ्यापुरता थेट <स्ट्राँग> लिहा.

दर्यावर्दी_ऱ्या

मार्कडाउनमध्ये डिव्ह घालणाऱ्यांसाठीही: डिव्हच्या लगेच खालच्या ओळीत लिहिलेलं मार्कडाउन रूपांतरित होत नाही, कारण तो एचटीएमएलचा ठोकळा समजला जातो. डिव्हनंतर एक कोरी ओळ सोडा, मग होतं. मात्र कोऱ्या ओळीनंतरचा मजकूर चार जागा आत सरकवलात तर तो कोड म्हणून छापला जाईल. कोड नीटनेटका दिसावा म्हणून आत सरकवायची सवय इथे नडते.

आणि वाचकांकडून मार्कडाउन घेत असाल तर त्याची सफाई रूपांतरानंतर करा. आधी केली तर लिंकच्या खुणेतला ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा पत्ता तुमच्या चाळणीला साधा मजकूर वाटतो आणि रूपांतरानंतर तो चालती लिंक बनतो. चाळणीत परवानगी असलेल्या टॅगांची आणि पत्त्यांची यादी ठेवा. बंदी घातलेल्यांची यादी कधीच पुरी पडत नाही.

नवखी_उकार

खूप स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. आरएसएस फीड उघडलं की ‘एक्सएमएल घोषणा फाइलच्या सुरुवातीलाच हवी’ अशा अर्थाची चूक येते. घोषणा तर पहिल्याच ओळीत आहे.

पोटफोडा_ष

पहिल्या ओळीत असणं पुरेसं नाही, पहिल्या अक्षरापासून हवी. तिच्याआधी एखादी जागा किंवा कोरी ओळ असेल. फीड पीएचपीतून निघत असेल तर आधी समाविष्ट होणाऱ्या फाइलींच्या शेवटी, बंद करणाऱ्या पीएचपी टॅगनंतर राहिलेल्या कोऱ्या ओळी बघा. त्या थेट आउटपुटमध्ये जातात. ज्या फाइलीत निव्वळ पीएचपी आहे तिच्या शेवटी तो बंद टॅग लिहूच नका, ती अधिकृत शिफारस आहे. ब्राउझरमधल्या झाडात ही जागा दिसणार नाही, कंट्रोल-यू करून पहिली ओळ बघा.

ते सुटलं की पुढची अडचण बहुधा डिस्क्रिप्शनमधल्या एचटीएमएलची येईल. ते एकतर एस्केप करा (‘<’ आणि ‘&’ यांच्या जागी त्यांची नावं लिहा) किंवा सीडेटामध्ये, म्हणजे पार्सर ज्यातले टॅग वाचत नाही अशा भागात, गुंडाळा. सीडेटा निवडलात तर आतल्या मजकुरात ‘]]>’ हा क्रम येता कामा नये, तिथेच सीडेटा संपतो. तो क्रम येण्याची शक्यता असेल तर दोन चौकटी कंसांनंतर एक सीडेटा बंद करून ‘>’ पासून दुसरा उघडायचा. वाचणाऱ्याला दोन्ही मिळून एकच मजकूर दिसतो.